दुजोरा

संपादक बाईंनी चार वाजेपर्यंतची मुदत दिली होती. दोन वाजून गेले तरी थोरल्याच्या घरात मुद्द्याचं कुणी बोलत नव्हतं. तशी तोंडं सगळ्यांचीच चालू होती. काकू तर जिना चढतानाच सुरू झाली होती. शेजाऱ्यांनी दारं किलकिली केली, त्याचीही तिने पर्वा केली नाही.

“टिटवी म्हणून हाक मारायला लागलात तेव्हाच समजायला हवं होतं,” ती आत येऊन म्हणाली. “ही ओरडली की कुणाचं तरी वाईट व्हायचंच.”

“ते नाव तिच्या आईने ठेवलं होतं,” थोरला म्हणाला.

काकू गप्प झाली. आठ महिन्यांपूर्वी गेलेल्या बाईचा विषय निघाला की या घरात कुणालाही पुढे बोलता येत नसे. थोरल्याला ते ठाऊक होतं, आणि आज त्याने तो विषय मुद्दाम काढला होता. त्याचं त्यालाच ते आवडलं नाही.

काकूचा नवरा, म्हणजे थोरल्याचा धाकटा भाऊ, खिडकीशी पाठ करून उभा होता. शर्टाच्या खिशातून लांबट पाकीट डोकावत होतं. ताई, या दोघांची मोठी बहीण, टेबलाशी बसली होती. एवढी वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काढल्यामुळे कुठल्याही खोलीत मधली खुर्ची आपलीच, अशी तिची समजूत होती. आणि टिटवी, थोरल्याची मुलगी, कॉटच्या कडेवर, फोन मांडीवर पालथा ठेवून.

गोष्ट साधी होती, आणि म्हणूनच निस्तरायला अवघड. गुरुवारी सगळे धाकट्याकडे जेवायला जमले होते. धाकटा पाण्याच्या शुद्धीकरण केंद्रावर पर्यवेक्षक होता. जेवताना तो वैतागून बोलला, की क्लोरीन सोडणारा पंप सोमवारपासून बंद पडलाय, सुटा भाग मिळत नाही, आणि साहेब म्हणतात गाजावाजा नको. या कुटुंबात जेवताना कोण काय बोलतं याला कधीच धरबंध नव्हता. नोकरीतली गाऱ्हाणी, साहेबांच्या नकला, सगळं तिथे ओकून माणसं मोकळी व्हायची. या वेळी मात्र त्या टेबलाशी एक बातमीदार बसली होती, आणि ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. कॉलेज संपवून टिटवी बातम्यांच्या चॅनेलवर लागली त्याला सात आठवडे झाले होते. सातही आठवडे ती दुसऱ्यांच्या बातम्यांना मथळे देत होती आणि कॅमेऱ्याच्या वायरी गुंडाळत होती.

चॅनेलचा एक नियम होता. असली बातमी एका माणसाच्या सांगण्यावर द्यायची नाही. ज्याला स्वतःहून माहिती आहे अशा दुसऱ्या माणसाचा दुजोरा हवा. शुक्रवारी दुपारी टिटवीने दुसरा माणूस म्हणून बापाचा नंबर पुढे केला. बाप म्हणून नाही. पाणी खात्यातला निवृत्त व्हॉल्वमन, बत्तीस वर्षांचा अनुभव, एवढंच सांगितलं. संपादक बाईंनी स्वतः फोन लावला.

“पंप बंद आहे, हे तुम्ही स्वतः पडताळलंय का?”

“हो,” थोरला म्हणाला होता. “आजही बंद आहे. बत्तीस वर्षं त्या पाण्यात काढलीत मी.”

पडताळलं काहीच नव्हतं. त्यानेही ते गुरुवारी जेवतानाच ऐकलं होतं, टिटवीच्या शेजारी बसून. पण फोनवर बोलणं हे लग्नापासून त्याच्या बायकोचं काम होतं. गॅसवाला असो की टिटवीची शाळा, बोलायची तीच. ती गेल्यावर पहिल्यांदाच पोरीने त्याला काहीतरी मागितलं होतं, आणि ते त्याच्याजवळ होतं.

पुढे तासभर त्याला चैन पडेना. शेवटी त्याने कपाटातून जुनी बाटली काढली. नोकरीत असताना गल्लोगल्ली जाऊन तो नळाचं पाणी तपासायचा, त्यातलीच ती एक. पाण्यात दोन थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं, नसेल तर तसंच राहतं. त्याने नळाखाली ग्लास धरला, थेंब टाकले. पाणी स्वच्छ पिवळं झालं, पुन्हा केलं तेव्हाही. म्हणजे पंप केव्हाच सुरू झाला होता. तेव्हा साडेचार वाजले होते आणि बातमी सातला होती. अडीच तास हातात होते.

त्याने ग्लास ओतला, धुतला आणि पालथा घातला.

सात वाजता टिटवी पडद्यावर आली. केंद्राच्या फाटकासमोर उभी, हातात माईक, पहिल्यांदाच स्वतःच्या नावानिशी. “पंप सोमवारपासून बंद आहे, आजही बंद आहे.” आवाज जरासुद्धा कापला नाही. त्याने टीव्हीचा आवाज मोठा केला होता.

शनिवारी खात्याने पत्रक काढलं, की बातमी खोडसाळ आहे. पंप शुक्रवारी दुपारी बारालाच चालू होता आणि पाण्याचे नमुने व्यवस्थित आले होते. धाकट्याच्या हातात नोटीस पडली: सदर बातमीदाराशी आपलं नातं काय, लेखी खुलासा सोमवारपर्यंत करावा. आणि चॅनेलने टिटवीला सांगितलं, दोन्ही माणसं कोण ते रविवारी चारपर्यंत संपादकांना सांग, नाहीतर ओळखपत्र जमा कर.

साडेचारच्या त्या ग्लासाबद्दल मात्र थोरल्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

“आठ महिने राहिलेत माझ्या निवृत्तीला,” धाकटा खिडकीपाशीच म्हणाला. “आठ महिने फक्त. या मुलीला लहानपणी खांद्यावर बसवून नदी दाखवलीय मी.”

“काका, मी तुमचं नाव कुणालाही सांगितलेलं नाही.”

“सांगायला कशाला हवं? आडनाव आहे की तुझं! शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांनी तुला टीव्हीवर पाहिलं. काल जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ कुणी बसलं नाही. भिंतीला कान असतील, पण माझ्या घरात आता पुतणीला माईक असतो.”

“मला विचारायचं तरी,” काकू टिटवीला म्हणाली. “एक फोन. काकू, हे लावू का? एवढंच.”

“तू हो म्हणाली असतीस?”

“अजिबात नाही!”

“मग?”

“मग काय मग? तेच तर म्हणतेय मी!”

ताईने टेबलावर दोन बोटं आपटली. “आधी मला एक सांगा. चार दिवस पंप बंद होता, हे तरी खरं ना?”

धाकटा खिशातलं पाकीट आत सारत राहिला.

“मी तुला विचारतेय.”

“होता,” तो म्हणाला. “सोमवार सकाळ ते शुक्रवार बारा.”

“आमच्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मी सकाळी दोन तास बसते, माहितेय ना? मंगळवार ते शुक्रवार जुलाबाची एकोणीस पोरं आली. एरवी आठवड्याला चार येतात. पाण्यामुळेच असं मी म्हणत नाही, तपासण्या यायच्यात. पण ही ओरडली ते उगीच नाही ओरडली.”

“अगं ताई, तू कुणाच्या बाजूने आहेस?” काकू म्हणाली.

“एकोणीस पोरांच्या.”

थोरल्याला वाटलं, आता वारं फिरलं. पण ताईचं असं होतं, की एकाला चापट मारली की दुसऱ्याला उरलेली. ती टिटवीकडे वळली.

“आणि तू गं? दोन माणसं हवीत म्हटल्यावर एक काका आणि एक बाप? शहरात माणसं संपली होती?”

टिटवीची मान खाली गेली. “बाबांना पाण्यातलं कळतं. मला वाटलं, त्यांनी आपल्या परीने खात्री केली असेल. खात्री असल्याशिवाय बाबा साधं पाऊस येईल असंसुद्धा म्हणत नाहीत.” ती थोडं थांबली. “पण ते माझे वडील आहेत हे मी मॅडमना सांगितलं नाही. ते माझं चुकलं. मुद्दाम लपवलं मी.”

थोरल्याने हात टेबलाखाली घेतले.

“मी ठरवलंय,” ती म्हणाली. “चारला जाऊन ओळखपत्र ठेवून येते. म्हणते, दुसरा माणूस खरा नव्हता, मीच एका ओळखीच्याला पढवून फोनवर बोलायला लावलं. काका सुटले, बाबा सुटले.”

“आणि तू?” ताईने विचारलं.

“मी काय. शिकवण्या घेईन.”

“तुझ्या आईने दोन वर्षं तुझ्या फीसाठी शिलाईकाम केलं ते शिकवण्या घ्यायला?”

घड्याळ तीनच्या पुढे सरकलं. धाकटा खुर्ची ओढून बसला.

तोडगा काढला तो ताईनेच. ती बोलायला लागली तशी आवाज खाली आला. दवाखान्यात नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलायची तेव्हाचा आवाज.

“थोरल्या, तू निवृत्त आहेस. तुझं पेन्शन कुणी अडवू शकत नाही. तू सांग, की तू मंगळवारी जुन्या मित्रांना भेटायला केंद्रावर गेला होतास. पंप बंद दिसला. घरी येऊन पोरीला सांगितलंस. पहिला माणूस तूच. आणि फोनवर बोललास तोही तूच, दुसरा कुणी नव्हता, तिचं चुकलं, नवीन आहे. त्या बाई रागावतील, पण बापावर विश्वास ठेवला म्हणून पोरीला कुणी हाकलत नाही. आणि याचं नाव कुठेच येत नाही.”

धाकट्याने मान वर केली. “फाटकावर भेट देणाऱ्यांची नोंद असते.”

“तुझा तो फाटकवाला बत्तीस वर्षं याला ओळखतो. याची नोंद कधी केलीय त्याने?”

“नाही,” धाकटा हळूच म्हणाला. “याची करत नाही.”

खोलीतली हवाच बदलली. एक माणूस खोटं बोलला की बाकी चौघं सुटत होते, आणि तो माणूस असा, की आयुष्यात कधी खोटं बोलला नाही अशी त्याची ख्याती. त्याच्यावर कुणीही विश्वास ठेवला असता. काकू उठली. सासरे गेल्यानंतर वाटणीवरून झालेल्या भांडणापासून ती थोरल्याशी थेट बोलत नसे, काही सांगायचं झालं तर भिंतीला सांगायची. तिने त्याच्यासमोर चहाचा कप ठेवला, कपाचा कान त्याच्या उजव्या हाताकडे वळवला.

“भाऊजी,” ती म्हणाली, “तुमच्यासारखा सरळ माणूस मी नाही पाहिला. तोंडावर बोलले नाही कधी. आज बोलते.”

“दादा,” धाकटा म्हणाला, “खात्यात चिकटवलंस ते तूच. आता वाचवलंस तर तेही तूच.”

थोरल्याने चहाकडे पाहिलं. हो म्हटलं की झालं. इतकंच नाही, वर कौतुक. पोरगी आयुष्यभर म्हणेल, माझ्या बापाने माझ्यासाठी बोल लावून घेतला. आणि तो ग्लास कायमचा पालथा राहील.

“बाबा, नको,” टिटवी म्हणाली. “तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलायचं नाही. तुम्ही तरी नाही.”

“बोललोय,” थोरला म्हणाला.

“काय?”

“बोललोय मी आधीच. शुक्रवारी.” त्याने चहाचा कप बाजूला सरकवला. “त्या बाईंना म्हटलं, पडताळलंय. काही पडताळलं नव्हतं. जेवताना हा बोलला तेच पुढे ढकललं. ‘आजही बंद आहे’ हे याने कुठे सांगितलं होतं? गुरुवारचं सांगितलं याने. शुक्रवारचं मी माझ्या मनाने लावलं.”

“ते चालायचंच रे,” ताई घाईने म्हणाली. “तुला काय माहीत की...”

“माहीत होतं. फोननंतर नळाचं पाणी घेतलं, थेंब टाकले. पिवळं झालं.”

धाकट्याला बाकीच्यांपेक्षा आधी कळलं. तोही पाण्यातलाच माणूस. “किती वाजता?” तो म्हणाला, आणि लगेच स्वतःच बोलला, “सातच्या आधी?”

“आधी.”

“दादा!” धाकटा उठला, खुर्ची मागे पडली. “अरे, एक फोन! तू तिला एक फोन केला असतास तर ही ‘आजही’ म्हणाली नसती, खात्याला पत्रक काढायला तोंड राहिलं नसतं! चार दिवस पंप बंद होता म्हणून तेच आज माफी मागत फिरले असते! माझ्या खिशात हा कागद नसता!”

“हो,” थोरला म्हणाला.

“हो काय म्हणतोस?”

“मग काय म्हणू?”

काकूने पुढे केलेला कप उचलला आणि ओट्यावर नेऊन ठेवला.

टिटवीने पिशवीतून वही काढली. पेनाचं टोपण तोंडात धरून ओढलं.

“किती वाजता?”

“साडेचार.”

“घड्याळ पाहिलं होतं की अंदाजे?”

“पाहिलं होतं.”

“रंग नक्की पिवळा? की पिवळट?”

“पिवळा. शंकेला जागा नव्हती.”

“एकदाच केलंत?”

“दोनदा. दुसऱ्यांदा नळ पाच मिनिटं सोडून.”

“अजून कुणी पाहिलं?”

“घरात कोण होतं?”

तिचं पेन क्षणभर थांबलं, मग पुन्हा चालू लागलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. असा आवाज त्याने तिचा कधी ऐकला नव्हता. रागाचा नव्हता, मायेचा तर नव्हताच. परक्या माणसाला विचारावं तसं ती विचारत होती, आणि त्याला नवल वाटलं, की असं विचारल्यावर सांगणं सोपं जात होतं.

“अडीच तास होते,” ती म्हणाली. “फोन का नाही केलात?”

“तू काहीतरी मागितलंस, मी दिलं. तासाभरात परत घ्यायचं, ते मला जमलं नाही.” तो थांबला. “आणि म्हटलं, चार दिवस तर खरेच आहेत. अर्ध्या दिवसाने काय बिघडतंय.”

पहिलं तिने लिहिलं नाही. दुसरं लिहिलं. मग वही मिटली, फोन उचलला आणि स्पीकर लावून टेबलावर ठेवला. बाहेर जाऊन बोल, असं काकू खुणेने सांगत होती. तिने तिकडे पाहिलं नाही.

“मॅडम, दुसरा माणूस माझे वडील आहेत. हे मी तुमच्यापासून लपवलं. आणि त्यांनी स्वतः पडताळलेलं नव्हतं. शुक्रवारी साडेचारला त्यांनी नळाचं पाणी तपासलं, त्यात क्लोरीन होतं. त्यांनी ते मला कळवलं नाही. मला ते पाच मिनिटांपूर्वी कळलं.”

पलीकडे कुणीतरी टाइप करत होतं. ते थांबलं.

“आणि पहिला माणूस?”

धाकट्याने डोळे मिटले.

“तो सांगणार नाही. ओळखपत्र ठेवावं लागलं तरी.”

“तुझ्याच आडनावाचे एक पर्यवेक्षक आहेत तिथे. काका ना?”

टिटवीने ओठ घट्ट मिटले.

“नको देऊस उत्तर,” बाई म्हणाल्या. “सात आठवड्यांत एवढं तरी नीट शिकलीस. ताबडतोब ये. सातला दुरुस्ती जाईल. लिहायची तू, वाचायची तू नाही. तुझं पुढे काय ते नंतर बघू.”

फोन बंद झाला. टिटवी पिशवी खांद्याला लावून उठली. ती दारापर्यंत पोचली तेव्हा धाकटा खिडकीबाहेर बघत बोलला.

“पंपाची नोंदवही असते. तासातासाची. सोमवार ते शुक्रवारची पानं लेखी मागितली तर खात्याला नाही म्हणता येत नाही.” मग काकूकडे बघून, “हे मी बोललो नाही.”

“मग कोण बोललं?” काकू ओरडली.

“मी बोलले,” ताई म्हणाली. “जा गं तू.”

काकू आणि धाकटा थोड्या वेळाने उठले. जाताना धाकट्याने पडलेली खुर्ची उभी केली, पण भावाकडे पाहिलं नाही. उद्या खुलाशात काय लिहायचं यावरून दोघांचं जिन्यातच जुंपलं. “खरं तेच लिहितो, जेवताना बोललो म्हणून,” धाकटा म्हणत होता, आणि “लिहा, लिहा, घराला कुलूप लावा,” काकू म्हणत होती. आवाज खालच्या मजल्यावर जाईपर्यंत ऐकू येत राहिले.

ताई मात्र सातपर्यंत थांबली. भावाशी एक शब्द बोलली नाही, पण गेलीही नाही.

दुरुस्ती बातम्यांच्या शेवटी आली. कुणी दुसरीच मुलगी वाचत होती. शुक्रवारच्या बातमीत पंप आजही बंद आहे असं सांगितलं होतं, ते चूक होतं. पंप त्या दिवशी दुपारी सुरू झाला होता. आम्हाला दुजोरा देणाऱ्या व्यक्तीने स्वतः पाहणी केलेली नव्हती, आणि ती व्यक्ती बातमीदाराची जवळची नातेवाईक होती. याबद्दल दिलगीर आहोत. त्याआधीचे चार दिवस पंप बंद होता का, याच्या नोंदी आम्ही खात्याकडे मागितल्या आहेत. लगेच हवामान सुरू झालं.

“स्वतः पाहणी केलेली नव्हती,” ताई म्हणाली. “चांगलं लिहिते.” ती उठली, भावाच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि गेली.

साडेआठला टिटवी आली. थोरल्याने जेवण गरम करून ठेवलं होतं. त्याने विचारलं, “नोकरीवर ठेवलं का त्यांनी?”

“ठेवलंय. पण तीन महिने कॅमेरा नाही. दुसऱ्यांच्या बातम्या तपासायच्या.”

“बरं झालं.”

“बरं नाही झालं, बाबा!” तिचा आवाज एकदम चढला. “बरं काय झालं? माझी पहिली बातमी होती ती! खरी होती! तुम्ही एक फोन केला असता तर अजून खरी असती. आणि तुम्ही ग्लास धुऊन ठेवलात!”

तो काहीतरी बोलायला गेला.

“नका काही बोलू. मला तुमचा भयंकर राग आलाय. उद्याही असेल. परवाचं मी सांगू शकत नाही.”

ती आतल्या खोलीत गेली आणि दार असं आपटलं की भिंतीवरचं घड्याळ हललं.

थोरला खुर्चीवर बसून राहिला. आठ महिने दोघं त्या घरात पावलांचा आवाज न करता वावरत होते. एकमेकांना जपत, हो ला हो म्हणत, ताटात वाढलेलं मुकाट्याने संपवत. आठ महिन्यांत कुणी दार आपटलं नव्हतं. त्याने दोन ताटं घेतली, दोन्हीत वाढलं, आणि ती बाहेर येईपर्यंत तो थांबणार होता, कितीही वेळ लागो.